रस्त्यासकट वास्तुशांत

या साइटवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं संध्याकाळच्या चहाबरोबर वाचत आले आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा गालातल्या गालात हसत. माझा पेशाच तसा आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्या धंद्यात एक साधा हिशेब असतो — जी गडबड पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं धरायचं आणि पुढे जायचं. भूत, चकवा, बाधा... यातलं काहीही मला आजवर कुणी पुन्हा करून दाखवलेलं नाही. त्यामुळे विषय खलास.

आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसा खुशाल, फक्त आधी पूर्ण वाचा.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा श्रीरंग, नववीतली मुलगी सई आणि माझी आई. आई मूळची चिंचवडची. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी नोकरी केली. बाबा गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आले, तेव्हा तिचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. म्हणजे कसं, तर चिंचवडच्या निम्म्या घरांचे जुने फोन नंबर ती आजही धडाधड म्हणून दाखवेल, आणि मग मलाच विचारेल, "वसू, मी जेवले का गं?"

तेव्हा आम्ही शारजात, अल नहदाला एका टॉवरमध्ये राहत होतो. एका सकाळी आई कोथिंबीर आणायला खाली गेली आणि परत येताना शेजारच्या टॉवरमध्ये शिरली. तसलीच लिफ्ट, तोच मजला, तसंच तपकिरी दार. बेल वाजवून वाजवून दमली आणि तिथेच दाराशी बसून राहिली. तिथल्या वॉचमनने तिला पाहिलं तेव्हा दुपार कलली होती. आम्ही धावत गेलो, तर पिशवीतली कोथिंबीर सुकलेली आणि आई माझ्यावरच रागावलेली. "कुलूप बदललंस, मला सांगायचं नाही?"

त्या दिवशी मी खूप रडले. डॉक्टर म्हणाले, जमिनीवरचं घर बघा, रोजचा एकच फेरफटका ठेवा, जागा वारंवार बदलू नका. आमचं घर घेणं झालं ते एवढ्यासाठी. गुंतवणूक वगैरे शब्द श्रीरंगने नंतर लोकांना सांगण्यासाठी चिकटवले.

आम्हाला परवडेल असा व्हिला मिळाला तो अजमानच्या बाहेर, एमिरेट्स रोड ओलांडून गेल्यावर. एका गल्लीत समोरासमोर आठ व्हिला. स्वस्त का, तर रस्ता सरकारी नव्हता. बिल्डरने आठ घरं बांधली, मधला रस्ता केला आणि आपलं चंबूगबाळं आवरून निघून गेला. नगरपालिकेने तो रस्ता कधी ताब्यात घेतलाच नाही. त्यामुळे तो आठ मालकांचा समाईक. दिवा गेला, डांबर फुटलं, वाळू साचली, सगळं आपणच बघायचं. मॅपवर गल्लीला नावसुद्धा नाही. डिलिव्हरीवाला हमखास फोन करणार आणि आपण रस्त्यावर उभं राहून हात हलवणार.

ओळखीच्यांनी सावध केलं. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "रिसेलला रडशील." श्रीरंगला मात्र त्या रस्त्याचं भारी कौतुक. पुण्याला फोन लावून लावून सांगायचा, "तुम्हाला तिथे पार्किंग मिळत नाही, आमचा स्वतःचा रस्ता आहे." जणू काही त्यानेच डांबर ओतलं होतं.

गल्लीचं एक टोक मोठ्या रस्त्याला लागतं, जिथून दिवसभर सिमेंटचे मिक्सर धडधडत जातात. दुसऱ्या टोकाला डांबर एकदम संपतं. पुढे वाळू, घाफची चार झाडं आणि मग नजर जाईल तिथवर काहीच नाही.

तर मग वास्तुशांत. आमचे गुरुजी आठवडाभर जेबेल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत असतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. अतिशय व्यवस्थित माणूस. होम झाला, आता घराभोवती दूध-पाण्याची धार धरायची, तेव्हा त्यांनी विचारलं, "वास्तूची हद्द कुठून कुठवर?"

साधा प्रश्न होता. कंपाउंड दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. पण आमचे यजमान छाती फुगवून म्हणाले, "गुरुजी, टायटल डीडमध्ये रस्त्याचा हिस्सासुद्धा आहे. रस्त्यासकट आपलं."

आई पाटावरून उठली. त्या दिवशी तिचं डोकं अगदी स्वच्छ चालत होतं. म्हणाली, "श्रीरंगराव, मग धार रस्त्याच्या टोकापासून धरायला हवी. अर्धी वास्तू बाहेर ठेवून कशी चालेल?"

गुरुजी म्हणाले, "आजी म्हणतात ते शास्त्राला धरून आहे."

आणि निघाली आमची वरात. पुढे गुरुजी मंत्र म्हणत, मागे सोवळं नेसलेला श्रीरंग तांब्यातून धार सोडत, त्याच्यामागे मी, आई आणि मोबाइलवर शूट करणारी सई. आमच्या घरामागून नाही, तर आठही घरांच्या मागून! कारण रस्ता मध्ये घ्यायचा तर घरं कशी वगळणार? लोक खिडक्यांतून बघायला लागले. तिसऱ्या व्हिलातले अबू तारेक बाहेर आले. हे इजिप्तचे, सत्तरीकडे झुकलेले, पूर्वी त्यांची फार्मसी होती. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रस्त्यावरून सगळ्यात जास्त भांडणारे तेच. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"व्हॉट इज धिस?" त्यांनी विचारलं.

सई म्हणाली, "इट्स अ बाउंड्री थिंग, अंकल. लाइक, फॉर प्रोटेक्शन. आजी सेज द होल रोड इज आवर हाउस."

"माय हाउस ऑल्सो इनसाइड?"

"या. एव्हरीबडीज."

ते आत गेले. आणि आमचं दूध वाळवंटाच्या टोकाशी संपलं तेव्हा हा माणूस दुधाचं मोठं कॅन घेऊन मागून चालत आला. "टेक, टेक. डोन्ट स्टॉप." पुढे तेही पुरेना, तर समोरची लिसी — केरळची, हॉस्पिटलात नर्स आहे — तिने तिच्या लेकाच्या, जोजोच्या वाटणीचं दूध आणून दिलं. धार पुरी झाली. गुरुजी जाताना म्हणाले, "एवढी मोठी वास्तू माझ्या हातून पहिल्यांदाच झाली." आम्ही पुढे महिनाभर या प्रकारावर हसत होतो.

यानंतर जे झालं ते मी लागलीच मनावर घेतलं नाही, हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट वाळूची. दरवर्षी म्हणे वाऱ्याने टोकाकडून वाळू सरकत सरकत दुसऱ्या-तिसऱ्या घरापर्यंत यायची आणि सगळ्यांना लोडर बोलवावा लागायचा. त्या वर्षी वाळू टोकाशी आली आणि थांबली. सरळ रेषेत. अबू तारेकनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली फक्त "माशाल्ला." श्रीरंग म्हणाला, पलीकडे गोदाम बांधलंय, वारा अडला असेल. पटलं मला. अजूनही बरंचसं पटतं.

दुसरी गोष्ट लिसीच्या जोजोची. पोरगं दोन वर्षांचं, पायाला चाकं लावल्यासारखं. एकदा चेंडूमागे मोठ्या रस्त्याच्या दिशेने सुटलं. लिसी किंचाळत मागे, समोरून मिक्सर येतोय. आणि गल्ली संपते तिथे जोजो धपकन खाली बसला. चेंडू गेला, जोजो बसला. लिसी मला चेची, म्हणजे ताई, म्हणते. तिनेच हे सांगितलं. म्हणाली, "चेची, ऐसा बैठा जैसे किसीने हाथ लगाके बिठाया." मी म्हटलं, अगं, या वयाची मुलं बसतात अशी. मनात म्हटलं, बसला म्हणून बरं.

मग तो धुळीचा दिवस.

मी घरून काम करत होते. श्रीरंग ऑफिसात, सई शाळेत. सकाळपासून आकाश पिवळं होतं आणि दुपारी जोराचं वादळ आलं. त्यातच डिलिव्हरीवाला आला, मी दार उघडलं, पिशवी घेतली, दार लोटलं आणि क्लायंटच्या कॉलवर परत बसले. दार नीट लागलं नव्हतं. कॉल लांबला. संपवून खाली आले, तर आईची खोली रिकामी, तिच्या चपला जागेवर नाहीत आणि पुढचं दार सताड उघडं.

बाहेर गेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. डावीकडे मिक्सर, उजवीकडे वाळवंट. कुठे धावायचं तेच कळेना. मी अबू तारेकना फोन केला, लिसीचं दार बडवलं. लिसी नाइट करून झोपली होती, तशीच उठून आली. ती मोठ्या रस्त्याकडे पळाली. मी आणि अबू तारेक टोकाकडे. ते त्यांच्या बायकोची ओढणी तोंडाला गुंडाळून खोकत खोकत "हाज्जा, या हाज्जा" अशा हाका मारत होते; वयस्कर बाईला ते मानाने असंच म्हणतात. मी आईला हाक मारत होते, पण वारा आवाज तोंडातच परत कोंबत होता. घरून ती निघून तास होत आला असणार. एवढ्या वेळात ती घाफच्या झाडांच्याही पुढे गेली असती. आणि पुढे काय आहे ते मी वर लिहिलंच आहे.

डांबर संपतं तिथे आई होती.

ती टोकाच्या कडेकडेने चालत होती. रस्त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जायची, वळायची, परत यायची. वाळवंटाकडचा हात तिने खांद्याच्या उंचीवर धरला होता, तळवा सपाट, बोटं पसरलेली. लाइट गेल्यावर आपण भिंत चाचपत चालतो ना, अगदी तशी. हात सरकत होता. हवेत नाही. कशावर तरी. हवेतला हात चालताना वरखाली होतो हो, हा होत नव्हता.

मी तिला मिठीच मारली. ती वैतागून म्हणाली, "कधीची दार शोधतेय गं. नुसती भिंतच आहे."

मी हात पुढे केला. काही नव्हतं. वारा आणि वाळू. अबू तारेक माझ्याकडे बघत होते. त्यांनीही आपला हात पुढे केला, थोडा वेळ तसाच धरला, मग खाली घेतला आणि काहीतरी पुटपुटले. नंतर त्यांनी आईचा दुसरा दंड धरला आणि आम्ही तिला घरी आणलं. वाटेत ती गल्लीकडे बघत म्हणाली, "घर फार मोठं घेतलंत. झाडायला बाई तरी मिळाली का?"

श्रीरंगचं म्हणणं असं की या आजारात माणसाला नसलेल्या गोष्टी भासतात. भिंत भासली, नशीब. डॉक्टरही तेच म्हणाले. ठीक. पण मी टेस्टर आहे. हवा निवळल्यावर मी आईला घेऊन टोकाशी गेले. माझा हात धरून ती डांबरावरून वाळूत उतरली, काही अडलं नाही. गाडीतून तर आम्ही रोजच बाहेर पडत होतो. मग मी हात सोडून दोन पावलं मागे राहिले आणि तिला एकटीला जाऊ दिलं. ती कडेशी गेली, थांबली, तळवा टेकवला आणि वळली. मला म्हणाली, "इकडून नाही, पुढच्या दाराने जाऊ." दुसऱ्या दिवशी तेच. मोठ्या रस्त्याच्या टोकाला तेच. दर वेळी त्याच रेषेवर, जिथून श्रीरंगच्या तांब्याची धार गेली होती. आणि ती धार कुठून गेली हे आईला विचाराल, तर वास्तुशांत झाली हेच तिच्या लक्षात नाही.

म्हणजे पुन्हा करून दाखवता आलं. माझ्याच नियमाने मी अडकले.

तेव्हापासून आईपुरती सगळी गल्ली हे आमचं घर झालं. अबू तारेकचा व्हिला म्हणजे "आतली खोली", लिसीचं अंगण म्हणजे "मागची बाजू". ती खुशाल कुणाच्याही घरात शिरते. दाराशी पडलेल्या चपला नीट जोडून ठेवते, अबू तारेकच्या बायकोच्या, उम्म तारेकच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते बघते. उम्म तारेक तिला खजूर देते आणि दोघी तासभर बोलत बसतात, एक अरबीत, एक मराठीत. काय बोलतात देव जाणे, पण हसतात. मला पूर्वी लाज वाटायची, सॉरी म्हणत फिरायचे. एकदा लिसीनेच दटावलं, "आप सॉरी बोलना बंद करो. अम्मा आती है तो जोजो खाना खाता है." मी आईला डोळ्यांसमोर ठेवतेच, पण पूर्वी छातीत जो सतत धसका होता तो राहिला नाही. दाराला कुलूप न लावता मी अंघोळीला जाऊ शकते. घरात असं माणूस असेल त्यालाच कळेल हे केवढं आहे.

मग यंदा, उन्हाळा संपताना, ज्याची आठही घरं वाट बघत होती ते घडलं. रस्ता सरकार ताब्यात घ्यायला तयार झालं. नवीन डांबर, दिवे, फुटपाथ, आणि टोकाला वाळवंटातून पुढे काढून पलीकडच्या नव्या वस्तीला जोडणार. सगळ्या मालकांची संमती हवी. श्रीरंग तर हरखून गेला. साध्या भाषेत सांगायचं तर घराची किंमत एका दिवसात वाढणार होती आणि रस्त्याची कटकट कायमची मिटणार होती.

मी म्हटलं, "आणि आई? दोन्ही टोकं उघडी होतील. मधून गाड्या जातील."

तो म्हणाला, "वसू, आईंना आपण सांभाळू. कॅमेरा लावू. दाराला बाहेरून कुलूप लावू. एका भासासाठी सात घरांना अडवायचं का?"

तो वाईट बोलत नव्हता. तेच जास्त वाईट होतं. डोळ्यांपुढे आलं ते कुलूप. आत आई, दाराची मूठ हलवत.

सगळे अबू तारेकच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत जमले. कागद फिरायला लागला. काय सांगणार होते मी त्या लोकांना? की इथे एक भिंत आहे, ती दिसत नाही, लागत नाही, फक्त माझ्या आईला लागते? कागद लिसीकडे आला. तिने तो वाचला आणि पेन न उघडता पुढे सरकवला. मग अबू तारेककडे आला. जो माणूस वर्षानुवर्षं या रस्त्यासाठी भांडला तो कागदावर तळवा ठेवून मला म्हणाला, "रोड विल बी ओपन. अँड हाज्जा, व्हेअर शी विल वॉक?"

शेवटी कागद श्रीरंगपुढे आला. त्याच्या हातात पेन होतं.

तेवढ्यात मजलिसचं दार ढकलून आई आत आली. गाऊनवर ओढणी, केस सुटलेले. सगळ्यांकडे बघितलं आणि जावयावर नजर रोखून म्हणाली, "श्रीरंगराव, घरात एवढे पाहुणे आणि चहा कुणी टाकला नाही?"

अबू तारेक उठून उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळेच. त्यांनी आपली खुर्ची तिला दिली. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "बसा आई, टाकतो." आणि दुसऱ्याच्या घरात सरळ स्वयंपाकघरात जाऊन उम्म तारेकला विचारायला लागला, चहा-साखर कुठे आहे म्हणून. कागद तसाच राहिला. नगरपालिकेला कळवलं ते अबू तारेकनी — काही काळाने, इन्शाल्ला.

तर मंडळी, हे असं आहे. वारा, आजार, योगायोग, दोन वर्षांच्या पोराचं धपकन बसणं, यातल्या एकेकाचं उत्तर माझ्याकडे आहे. सगळ्यांचं मिळून नाही. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मी वाचेन. हसणार नाही.

आईला आता माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. काल संध्याकाळी कडेला हात टेकवून उभी होती, मला म्हणाली, "ताई, इथल्या लोकांनी घर चांगलं ठेवलंय." मी म्हटलं, हो. रस्ता सरकारला एक दिवस द्यायचाच आहे, ते सगळ्यांनाच कळतं. तो दिवस कधी येणार तेही कळतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही.

मला त्या दिवसाची अजिबात घाई नाही.